होल फेस्टिव्हलला जायचंय? तिकिटापासून परतीनंतरच्या तपासणीपर्यंतची तयारी

बर्लिनच्या नैऋत्येला, साक्सेन-आनहाल्ट राज्यात, ग्रेफनहाइनिशेन नावाचं लहानसं गाव आहे. त्याच्या शेजारी तपकिरी कोळशाची उघडी खाण होती. १९९१ मध्ये ती बंद पडली, पुढे खड्ड्यात पाणी सोडून तलाव केला गेला आणि तलावात शिरलेल्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्ट्यावर खाणीतली पाच अवाढव्य यंत्रं तशीच उभी ठेवली गेली. हे फेरोपोलिस, म्हणजे लोखंडाचं शहर. यंत्रांना नावंही आहेत : मॅड मॅक्स, मेडुसा, जेमिनी, मॉस्किटो आणि बिग व्हील. उन्हाळ्यात या यंत्रांच्या सावलीत होल (WHOLE) हा क्विअर, म्हणजे एलजीबीटीक्यू मंडळींचा, इलेक्ट्रॉनिक संगीताचा महोत्सव भरतो. २०१७ पासून तो चालू आहे. शुक्रवार ते सोमवार, तंबूत मुक्काम, नाचायचे एकापेक्षा जास्त फ्लोअर आणि संगीत जवळजवळ अखंड.

जर्मनीत शिकणारी, नोकरी करणारी मराठी मुलं-मुली आता खूप आहेत, आणि मुंबई-पुण्याहून खास यासाठी रजा टाकणारेही आहेत. दोघांनाही उपयोगी पडेल असं सगळं इथे दिलं आहे. अशी पार्टी बिघडते ती संगीतामुळे नाही. ती बिघडते झोप, पाणी, पाय आणि कान यांच्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. म्हणून या लेखात डीजेंपेक्षा या चार गोष्टींबद्दल जास्त लिहिलंय.

तिकीट आणि व्हिसा

तिकीट फक्त महोत्सवाच्या स्वतःच्या साइटवरून घ्या. संपलं असेल तर अधिकृत पुनर्विक्रीच्या यादीत नाव टाकून थांबा. इन्स्टाग्रामवर निरोप पाठवून तिकीट विकणाऱ्यांपैकी कित्येक जण एकच क्यूआर कोड चौघांना विकतात, आणि गेटवर जो पहिला पोचतो तोच आत जातो. तिकिटावर नाव घालायचं असेल तर पासपोर्टवर आहे तसंच घाला. तंबूची जागा तिकिटातच धरली आहे की तिचे पैसे वेगळे, हे पैसे भरण्याआधी वाचा.

भारतातून जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. पण उन्हाळ्यात मुंबईत भेटीची वेळ मिळणं हेच मोठं काम असतं, त्यामुळे तीन-साडेतीन महिने आधी हालचाल सुरू करा. मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो, व्हिसा केंद्राचा सेवा आकार वेगळा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालणारा, दहा वर्षांच्या आत काढलेला आणि दोन कोरी पानं असलेला हवा.

इथे हमखास एक घोळ होतो. राहण्याचा पुरावा म्हणून लोक बर्लिनच्या हॉटेलचं बुकिंग जोडतात आणि तंबूतल्या तीन रात्री मोकळ्या सोडतात. त्या रात्रींसाठी मुक्कामाचा उल्लेख असलेलं महोत्सवाचं तिकीटच जोडा आणि दिवसवार कार्यक्रमात ‘फेरोपोलिस, संगीत महोत्सव, तंबूत मुक्काम’ असं सरळ लिहा. अर्जात तुमच्या लैंगिकतेबद्दल एकही प्रश्न नसतो, तो विषय तुम्ही काढायची गरज नाही. पर्यटन हे कारण पुरेसं आणि खरं आहे.

घरी काय सांगायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण जागेबद्दल खोटं सांगू नका. उद्या काही झालं तर आई-बाबा तुम्हाला पॅरिसमध्ये शोधत बसतील. ज्याला सगळं माहीत आहे अशा एका माणसाकडे पासपोर्टची प्रत, विम्याचा क्रमांक, तिकीट आणि सोबतच्या कुणाचा तरी नंबर देऊन ठेवा. घरच्यांना फोनवरून तुमचं ठिकाण दिसत असेल, तर निघण्याआधी ते चालू ठेवायचं की बंद, हे ठरवा.

पोचायचं कसं

बर्लिनहून रीजनल गाडीने लुथरश्टाट विटेनबर्गला जायचं आणि तिथून लोकलने ग्रेफनहाइनिशेनला. स्टेशनपासून फेरोपोलिस काही किलोमीटरवर आहे. महोत्सवाची बससेवा त्या वर्षी कशी आहे ते आधी बघून ठेवा, कारण तंबू पाठीवर घेऊन उन्हात ते अंतर चालणं म्हणजे पहिली रात्र हातची घालवणं. मुंबईहून येणाऱ्यांनी बुधवारीच बर्लिनला पोचावं. उन्हाळ्यात घड्याळात साडेतीन तासांचा फरक असतो. म्हणजे तिथे रात्री अकरा वाजता तुमच्या अंगात पहाटेचे अडीच वाजलेले असतात. त्यात विमानातलं जागरण. दोन रात्री नीट झोप मिळाली तर शुक्रवार हाती लागतो.

फेरोपोलिसला शुक्रवारी दुपारच्या आत पोचा. संध्याकाळी पाचनंतर रांग वाढत जाते, सावलीतल्या जागा गेलेल्या असतात आणि काळोखात तंबू लावावा लागतो.

तंबू

ऑगस्टमध्ये तिथे सूर्य रात्री नऊच्या आसपास मावळतो आणि पहाटे साडेपाच-पावणेसहाला उगवतो. साडेसातपर्यंत तंबू भट्टीसारखा तापतो. म्हणून जागा निवडताना ‘आत्ता सावली कुठे आहे’ हे बघू नका. पूर्व कुठे ते फोनच्या होकायंत्रात पाहा आणि पूर्वेला झाड किंवा उंच गाडी असेल अशी जागा धरा. शौचालयापासून साठ-सत्तर पावलं दूर राहा. त्याहून जवळ वास येतो, आणि फार लांब गेलात तर पहाटे चारला जीव नकोसा होतो. स्टेजच्या दिशेने दार नको.

जमीन खाणीच्या भरावाची आहे. कुठे भुसभुशीत रेती, कुठे दगडगोटे. तंबूसोबत येणाऱ्या काडीसारख्या खुंट्या रेतीत उपटून येतात आणि दगडात वाकतात. सात-आठ इंची जाड खुंट्या आणि रेतीसाठी रुंद पात्याच्या खुंट्या, असे दोन्ही प्रकार न्या. खुंटी सरळ उभी ठोकू नका. तिचं डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला कललेलं हवं, म्हणजे दोरी ताणली की खुंटी अजून घट्ट बसते. रेती फारच सैल असेल तर कापडी पिशवी रेतीने भरा, तिच्या गळ्याला दोरी बांधा आणि पिशवी हातभर खोल पुरून वर पायाने दाबा. तलावावरून येणारा वारा रात्री अचानक उठतो आणि वादळी सर कधीही कोसळते. बाहेरचा पडदा आतल्या कापडाला चिकटला तर पाणी आत झिरपतं, म्हणून चारही बाजूंच्या दोऱ्या ताणाच. बहुतेक जण दोनच ताणतात आणि शनिवारी पहाटे ओल्या पांघरुणात बसतात.

रात्री तापमान दहा-बारा अंशांपर्यंत उतरतं. दिवसा तीस-पस्तीस असलं तरी स्लीपिंग बॅग आणि खाली फोमची गादी लागतेच. गादी नसेल तर थंडी खालून चढते.

बॅगेत काय

गॅसची नळकांडी विमानात चालत नाही. पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाही, ती हातातल्या बॅगेत ठेवा. २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-तासांची असते, म्हणजे १०० च्या मर्यादेत बसते. खुंट्या आणि हातोडी चेक-इनमध्ये.

खायला चिवडा, भडंग, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, गूळपोळी न्या. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, त्यामुळे पेढे, तूप, दुधात भिजवलेल्या दशम्या घरीच ठेवा. कस्टममध्ये सापडलं तर टाकून देतात आणि दंडही होऊ शकतो. गूळपोळीही तेलावर भाजलेली हवी. शाकाहारी माणसाची तिथे उपासमार होत नाही, व्हेगन जेवण सहज मिळतं. पण पहाटे पाच वाजता नाचून आल्यावर रांगेत उभं राहायची ताकद नसते. तेव्हा मूठभर भडंग आणि पाणी खरं कामाला येतं.

ओआरएसची पाच-सहा मोठी पाकिटं घ्या. एक पाकीट एक लिटर पाण्यात, त्यात कमी-जास्त करायचं नाही. अर्ध्या लिटरमध्ये अख्खं पाकीट घातलं तर जुलाब होतात आणि सगळाच फायदा उलटतो. त्याशिवाय सनस्क्रीन, टोपी, डास आणि गोचिडीचं मलम, डोळ्यांवरची पट्टी, लाल उजेडाचा हेडलॅम्प आणि रोजच्या गोळ्या, डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसकट. लाल उजेड अशासाठी, की शेजारच्या तंबूतला माणूस जागा होत नाही.

बूट जुने, पायात बसलेले. नवे बूट तिथे पहिल्यांदा घातले की शनिवारी दुपारपर्यंत फोड येतो आणि उरलेले दोन दिवस बसून जातात. रेतीत टाच असलेले जोडे निरुपयोगी. एरवी कपड्यांच्या बाबतीत इथे मोकळीक आहे. साडी, जाळीदार बनियन, लेदर, लुंगी किंवा नुसती चड्डी, काहीही चालतं. चामड्याचं काही घालणार असाल तर ते संध्याकाळनंतर. दुपारच्या उन्हात त्यात शिजायला होतं.

कान

बरेच जण हा भाग गाळतात, आणि त्याचं नुकसान आयुष्यभर राहतं. ८५ डेसिबलला आठ तास, हे ढोबळ सुरक्षित प्रमाण. दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मी होते. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा आणि १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. जर्मनीतल्या डीआयएन १५९०५-५ या मानकात प्रेक्षकांच्या जागी अर्ध्या तासाची सरासरी ९९ डेसिबलच्या वर जाऊ नये असं आहे. तीन रात्री तेवढ्या आवाजात काढायच्या म्हणजे किती, हे तुम्हीच मोजा.

फिल्टरचे इअरप्लग घ्या. साधारण पंधरा डेसिबल कापणारे असले तर बास आणि गाणं नीट ऐकू येतं, फक्त आवाज खाली येतो. फोमचे असतील तर घालायची पद्धत महत्त्वाची. बोटांत वळून बारीक काडी करा, दुसरा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढा, काडी आत सरकवा आणि बोट तसंच ठेवून वीस-तीस सेकंद थांबा. फोम फुगून बसला की स्वतःचा आवाज घुमल्यासारखा येतो, तेव्हा समजा बसलं. नुसते कानाच्या तोंडाशी कोंबलेले प्लग काहीच अडवत नाहीत. दर दोन तासांनी वीस मिनिटं तलावाच्या बाजूला जाऊन बसा.

तीन दिवस कसे वाटून घ्यायचे

पहिल्याच रात्री सगळं उधळून टाकायचं नाही. शुक्रवारी तंबू लागला की अख्खं आवार फिरून घ्या. पाण्याचे नळ, वैद्यकीय तंबू, अवेअरनेसचा तंबू (कुणी त्रास दिला तर मदत करणाऱ्यांचा), सगळ्यात जवळचं शौचालय आणि तुमच्या घोळक्याची भेटायची जागा, एवढं उजेडात डोळ्यांखालून घाला. भेटायची जागा म्हणून यंत्र धरा, उदाहरणार्थ ‘बिग व्हीलचा डावा पाय’. हजारो लोकांत फोनचं नेटवर्क कोलमडतं, यंत्र हलत नाही. दर चार तासांनी तिथे यायचं, आलं नाही तर शोधायचं, असं ठरवून ठेवा.

मग दोन तास झोप, सातला पोटभर जेवण, दहा ते तीन नाच आणि परत. ऊन तंबूत शिरेपर्यंत चार तास मिळतात. उरलेली झोप दुपारी झाडाखाली डोळ्यांवर पट्टी बांधून काढायची. शनिवारी रात्री हवं तेवढं जागा. पण रविवार दुपारसाठी अंगात काही उरलं पाहिजे. बर्लिनच्या क्लब संस्कृतीत खरी रंगत रविवारी दिवसा चढते. डीजेंना लांब सेट मिळतात, गर्दी पांगलेली असते, उरलेले लोक फक्त ऐकायला आणि नाचायला थांबलेले असतात. शनिवारीच झोपेचं दिवाळं काढणाऱ्यांना हा रविवार कधी दिसत नाही, आणि त्याची खरोखर हळहळ वाटते.

नाचताना तासाला साधारण अर्धा लिटर पाणी, घोट घोट. नुसतं पाणी लिटरच्या लिटर ढोसणंही धोक्याचं आहे, कारण घामातून मीठ जातं, वर साधं पाणी ओतलं की रक्तातलं सोडियम घसरतं. डोकं जड होणं, उलटी, भ्रमिष्टासारखं बोलणं ही त्याची लक्षणं. दर तिसऱ्या बाटलीत ओआरएस. पिण्याच्या पाण्याच्या नळांवर पाटी असते, तलावाचं पाणी पिऊ नका.

पोहायचं तर खुणा केलेल्या किनाऱ्यावरच आणि शुद्धीत असताना. खाणीच्या तलावांचे काठ भरावाचे असतात, पाऊलभर पुढे अचानक खोल होतं. याच राज्यात नाख्तरश्टेट इथे २००९ मध्ये अशाच तलावाचा काठ घरांसकट खचून तीन माणसं गेली. कुंपणाच्या पलीकडे जाण्यासारखं तिथे काहीही नाही.

फ्लोअरवर

हाउस या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचं नाव शिकागोच्या वेअरहाउस क्लबवरून आलं, असं मानलं जातं. १९७७ मध्ये तो सुरू झाला, तिथे फ्रँकी नकल्स वाजवायचे आणि नाचणारे बहुतेक काळे आणि लॅटिनो समलिंगी पुरुष होते. दुसरीकडे कुठे दार उघडत नव्हतं म्हणून त्यांनी आपलं दार केलं. फ्लोअरवरचे आजचे नियम तिथपासूनचे आहेत, म्हणून ते मनापासून पाळायचे.

फोटो नाही. आत जाताना कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, तो काढायचा नाही. तुमच्या शेजारी नाचणारा मुलगा कदाचित तुमच्याच पुण्याच्या ऑफिसचा असेल आणि त्याच्या घरी कुणालाच काही माहीत नसेल. गर्दीत अर्धा चेहरा दिसलेला एक व्हिडिओही नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचायला पुरतो. ओळखीचं कुणी दिसलं तर आधी त्यांच्या डोळ्यांत बघा. त्यांनी हसून पुढे यावं, मग बोला. परत आल्यावर ‘अमुक तिथे भेटला’ हे कुणालाही सांगायचं नाही.

स्पर्शाआधी विचारा. ‘चालेल का?’ एवढं पुरतं. उत्तर आलं नाही, किंवा ‘बघू’ आलं, तर ते नाही समजा. मिठीला होकार म्हणजे चुंबनाला होकार नाही. नशेत झोकांड्या खाणारा माणूस हो म्हणाला तरी तो होकार धरायचा नाही. क्रूझिंगसाठी, म्हणजे शरीरसंबंधासाठी जोडीदार शोधायला, वेगळा भाग असतो. तिथे बघायला म्हणून घोळक्याने जाऊ नका, हसू-खिदळू नका. नकार तिथे हात हलकेच बाजूला सारून देतात, तो एकदाच पुरे. कुणी त्रास दिला, वंशावरून किंवा शरीरावरून बोललं, तर अवेअरनेसच्या लोकांकडे जा. ते तुमचं म्हणणं ऐकून घेतात, आधी पुरावा मागत नाहीत.

ट्रान्स मंडळींसाठी दोन गोष्टी. बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून घालायचं घट्ट बनियन) सलग आठ तासांच्या वर नको, नाचताना तर त्याहून कमी, आणि झोपताना अजिबात नको. उन्हात बरगड्या दाबलेल्या अवस्थेत श्वास उथळ होतो आणि चक्कर येते. एक नंबर लहान घेऊन ‘जास्त सपाट दिसेल’ हा हिशेब चुकतो, घट्ट स्पोर्ट्स ब्रा दिवसा बरी. हॉर्मोनची औषधं चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत, आणि विमानतळावर स्कॅनरऐवजी हाताने तपासणी करा असं सांगता येतं.

नशा

जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढांना सार्वजनिक ठिकाणी २५ ग्रॅमपर्यंत गांजा बाळगता येतो. बाकीचे अमली पदार्थ बेकायदाच आहेत, आणि गांजाचा कणही बॅगेच्या कोपऱ्यात राहून मुंबईला आला तर एनडीपीएस हा भारताचा अमली पदार्थांविरुद्धचा कायदा लागतो. परतीआधी सगळे खिसे उलटे करून झटका.

काहीच न घेणारे इथे भरपूर असतात, कुणी आग्रह करत नाही. ज्यांना घ्यायचंच आहे त्यांनी निदान हे लक्षात ठेवावं : जीएचबी किंवा जीबीएल ही नशेची द्रव्यं दारूसोबत कधीच नाही, दोन्ही मिळून श्वास बंद पाडतात. पॉपर्स (हुंगायचं नशेचं द्रव्य) आणि व्हायग्रासारखी गोळी एकत्र नको, रक्तदाब कोसळतो. एकटं असताना काही नाही. कुणी हाक मारून उठत नसेल तर ‘झोपू दे त्याला’ म्हणून सोडून जाऊ नका. श्वास चालू आहे का बघा, चालू असेल तर कुशीवर वळवा, हनुवटी किंचित वर, आणि एकाने वैद्यकीय तंबूकडे पळा. आवाराबाहेर ११२. काय घेतलंय ते खरं सांगा. तिथल्या वैद्यकीय कर्मचाऱ्यांवर गोपनीयतेचं कायदेशीर बंधन असतं.

शरीरसंबंध

काँडम आणि ल्युब स्वतःचं न्या. प्रेप (एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायच्या गोळ्या) घेणार असाल तर निघण्याआधी डॉक्टरकडून एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि मूत्रपिंडाची तपासणी करून घ्या. जन्मतः पुरुष नोंद असलेल्या आणि इस्ट्रोजेन न घेणाऱ्यांना गरजेपुरती पद्धत चालते : संबंधाच्या २ ते २४ तास आधी दोन गोळ्या, मग दर २४ तासांनी एक, शेवटच्या संबंधानंतर दोन दिवसांपर्यंत. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सहाला दोन आणि शेवटचा संबंध रविवारी रात्री असेल, तर शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार रोज सहाला एकेक, एकूण सहा. फोनवर गजर लावा, कारण तिथे वार कुठला ते आठवत नाही. बाकीच्यांनी रोजची पद्धत किमान आठवडाभर आधी सुरू करावी. जर्मनीत राहणाऱ्यांनी एमपॉक्सच्या (पूर्वीचं नाव मंकीपॉक्स) लशीचे दोन डोस घ्यावेत, दोहोंत किमान २८ दिवस लागतात.

काँडम फाटला आणि प्रेप नव्हतं, तर पेप (एचआयव्ही टाळण्यासाठी संबंधानंतर घ्यायच्या गोळ्या) ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. सोमवारपर्यंत थांबू नका, वैद्यकीय तंबूत विचारा, ते रुग्णालयाकडे पाठवतात.

परत

तंबू सोमवारी सकाळी दव सुकल्यावर गुंडाळा. ओला गुंडाळला तर दोन दिवसांत बुरशी धरते. कचरा पिशवीत भरून नेमलेल्या जागी द्या आणि पेल्यांची अनामत परत घ्या. परतीचं विमान मंगळवारी संध्याकाळच्या आधीचं नको. मंगळवार-बुधवार मन उदास होतं, कारण नसताना रडू येतं. झोपेची थकबाकी आणि अचानक आलेलं एकटेपण, दोन्ही त्यात असतं. भारतात परतणाऱ्याला तर विमानतळावरच पुन्हा ‘लग्न कधी’ ऐकावं लागतं. तो आठवडा कामाचा मोठा भार घेऊ नका आणि सोबत गेलेल्यांशी रोज एकदा फोनवर बोला.

एचआयव्हीची चौथ्या पिढीची प्रयोगशाळेतली चाचणी ४५ दिवसांनी खात्रीची मानली जाते, त्याआधीचा निगेटिव्ह पुरेसा नाही. पेप घेतलं असेल तर हे दिवस गोळ्या संपल्यापासून मोजतात. सोबत सिफिलिस, गोनोरिया आणि क्लॅमिडियाची तपासणी करा, लक्षणं नसली तरी. महाराष्ट्रात सरकारी रुग्णालयांतल्या एकात्मिक समुपदेशन आणि चाचणी केंद्रांत एचआयव्हीची चाचणी मोफत आणि गोपनीय असते. जवळचं केंद्र कुठलं, हे १०९७ या टोल फ्री नंबरवर विचारता येतं.